रुपया मिळवला तरी बेरीज हलेना

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन निवडली आहेत. गावं वेगळी, माणसं वेगळी, पण तिघांचीही गाठ आकड्यापाशीच पडली आहे. उदगीरच्या पत्राला जागा जास्त दिली, कारण त्यात बाकीच्या दोघांचीही निम्मी उत्तरं आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी उदगीरला बी.सी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. मामाची मार्केट यार्डात आडत आहे. त्यांच्या पट्ट्यांच्या हिशेबासाठी मी पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहिला. तीन हंगामांच्या 40,000 पट्ट्या एका फाइलीत आहेत, शेतकरी 6,000. सगळ्यांचे खातेउतारे काढायला प्रोग्राम 22 मिनिटं घ्यायलाय. मित्र म्हणाला, पायथॉनच हळू आहे, सीमध्ये लिही. त्यानंच लिहून दिला. लई जोरात पळतोय, पण 44 क्विंटल सोयाबीनच्या पट्टीवर उणे 2,14,248 रुपये 72 पैसे आले. मग त्यानं सगळे आकडे फ्लोट (दशांश आकडे ठेवायचा प्रकार) केले. आता उणे येत नाही, पण एका पट्टीत एक पैसा जास्तीचा दिसायलाय आणि हंगामाची बेरीज मुनीमकाकांच्या वहीशी जुळत नाही. कंपायलरला (सीचा प्रोग्राम यंत्राच्या भाषेत करून देणाऱ्या साधनाला) वेग वाढवायचा 'फास्ट-मॅथ' पर्याय लावला तर बेरीज आणखी वेगळीच. मामा म्हणतात, तुझं कॉम्प्युटर ठेव बाजूला. पायथॉन ठेवू, सी ठेवू, का तिसरंच काही शिकू?

उत्तर : आधी मामांना सांग की वही बरोबर आहे. मुनीमकाकांशी आकडा जुळत नसेल तर चूक आपल्या बाजूला आहे असं धरूनच मी तुझ्या तिन्ही फाइली पाहिल्या, आणि तसंच निघालं.

पायथॉनपासून सुरू करू. तुझा प्रोग्राम प्रत्येक शेतकऱ्यासाठी पट्ट्यांची फाइल नव्यानं उघडतो, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, त्या एकाच्या पट्ट्या उचलतो आणि फाइल बंद करतो. 6,000 शेतकरी आणि 40,000 ओळी, म्हणजे 24 कोटी ओळी वाचून होतात तेव्हा कुठं उतारे निघतात. मुनीमकाका हेच काम कसं करतात ते एकदा शेजारी बसून बघ. ते गठ्ठा एकदाच सोडतात. एक पट्टी घेतली, खतावणीत त्या शेतकऱ्याचं पान काढलं, रक्कम चढवली, पट्टी तारेत ओवली. गठ्ठा संपला की सगळी खाती तयार. पायथॉनमधली डिक्शनरी म्हणजे तीच खतावणी: नाव दिलं की पान हातात. तुझ्या फाइलीवर मी तेवढाच बदल करून पाहिला. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एक सेकंदही लागला नाही.

पायथॉन हळू आहे हे मित्राचं म्हणणं खोटं नाही, पण तुझ्या 22 मिनिटांशी त्याचा फारसा संबंध नव्हता. पायथॉनचा वेग वाढवायला बरीच माणसं वर्षानुवर्षं मेहनत घेत आहेत. ऑक्टोबर 2022 मध्ये आलेली 3.11 ही आवृत्ती ठरावीक चाचण्यांवर आधीच्या 3.10 पेक्षा सरासरी 25 टक्के वेगवान निघाली. मोठं काम आहे ते. तरीही तुझी 22 मिनिटं तिनं साडेसतरावर आणली असती, इतकंच. 24 कोटी वेळा वाच म्हटल्यावर कुठलाही रनटाइम, म्हणजे प्रोग्राम चालवणारी यंत्रणा, ते मुकाट्यानं वाचणारच. तुला ते नकोच होतं, हे त्याला कसं कळणार?

तरी 3.11 मध्ये नेमकं काय केलं ते सांगते, कारण ते मला फार आवडतं. 'अ अधिक ब' दिसलं की पायथॉनला दर वेळी विचारावं लागतं: अ काय आहे? पूर्णांक, अक्षरं, का यादी? आता इंटरप्रिटर, म्हणजे पायथॉनच्या सूचना एकेक करून चालवणारा प्रोग्राम, लक्ष ठेवतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा पूर्णांकच येत असतील, तर त्या जागेची सूचनाच बदलून 'पूर्णांकांची बेरीज' अशी खास सूचना बसवतो. देवणीचा एखादा शेतकरी चार वेळा माल घेऊन आला की मुनीमकाका गाव-तालुका न विचारता पट्टीवर लिहून टाकतात, तसं. पण लिहिण्याआधी मान वर करून चेहरा बघतातच. इंटरप्रिटरही बघतो: आलेला खरंच पूर्णांक आहे ना? नसेल तर मुकाट्यानं जुन्या लांबच्या वाटेनं जातो. त्या एका नजरेला थोडा वेळ लागतो. ती काढून टाकली तर प्रोग्राम आणखी पळेल, आणि एक दिवस देवणीच्या माणसाचे पैसे जळकोटच्या खात्यावर पडतील.

वेग मोजण्याबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेव. 2025 च्या सुरुवातीला पायथॉनच्या 3.14 आवृत्तीसाठी इंटरप्रिटरची नवी बांधणी आली आणि ती सरासरी 9 ते 15 टक्के वेगवान असल्याचं जाहीर झालं. काही आठवड्यांत एकानं खोलात जाऊन पाहिलं. ज्या जुन्या बांधणीशी तुलना केली होती, ती क्लँग 19 या कंपायलरनं तयार केलेली होती, आणि त्या कंपायलरमध्येच एक दोष शिरल्यानं जुनी बांधणी विनाकारण मंद झाली होती. म्हणजे काट्याचं शून्यच सरकलेलं. दुरुस्त करून मोजल्यावर वाढ 3 ते 5 टक्के भरली. पायथॉनवाल्यांनी आकडा उघडपणे मागे घेतला, कागदपत्रांत नवा लिहिला. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला. तूही एखादा बदल केलास की पुन्हा मोज, आणि कशाशी तुलना करतोस ते तपास. पायथॉनबरोबरच येणारं सीप्रोफाइल चालवलंस की कुठल्या फंक्शनात किती वेळ गेला ते कळतं. 22 मिनिटं कुठं जातात ते त्यानं तुला पहिल्याच दिवशी दाखवलं असतं.

आता सी. उणे आलेली पट्टी मी कागदावर सोडवली, तूही सोडव. मित्रानं वजन किलोत आणि दर पैशात घेतला, ते चांगलं केलं. 44 क्विंटल म्हणजे 4,400 किलो. दर 2024-25 च्या हमीभावाचा, क्विंटलला 4,892 रुपये, म्हणजे 4,89,200 पैसे. गुणाकार 2,15,24,80,000. नेहमीच्या 32 बिटांच्या, म्हणजे 0-1 च्या 32 घरांच्या, पूर्णांकात मावणारा सगळ्यात मोठा आकडा 2,14,74,83,647. भांडं भरून वाहिलं. यंत्रानं त्यातून 4,29,49,67,296 वजा झालेला आकडा दाखवला: उणे 2,14,24,87,296. त्याला 100 नं भागलं (वजन किलोचं, दर क्विंटलचा म्हणून), मग पैशांचे रुपये केले, की तुझे उणे 2,14,248 रुपये 72 पैसे. खरी पट्टी 2,15,248 रुपयांची आहे. 43 क्विंटल 89 किलोपर्यंत हा प्रोग्राम बिनचूक चालतो आणि एक किलो वाढला की कोसळतो. लहान शेतकऱ्यांच्या पट्ट्यांवर तपासला असता तर वर्षभर कुणाला कळलंही नसतं, याचीच मला जास्त काळजी वाटते.

यात आणखी एक मेख आहे. आकडा वाहून गेल्यावर गोल फिरून उणे बाजूनं येईल, असंही सी भाषेच्या नियमांनी कबूल केलेलं नाही. असं झालं तर काय होईल हे नियमांत ठरलेलंच नाही. म्हणून 'एक मिळवल्यावर आकडा आधीपेक्षा लहान झाला का' अशी तपासणी मित्रानं घातली असती, तर कंपायलर म्हणाला असता, असं कधी होत नसतं, आणि ती तपासणीच खोडून टाकली असती. तसं करायची त्याला मुभा आहे.

फ्लोटनं उणे गेलं, कारण फ्लोटमध्ये फार मोठे आकडे मावतात. पण त्यात आकड्याचे सुरुवातीचे 24 बिटच टिकतात. 37 क्विंटल 45 किलोची पट्टी घे. वहीत 1,83,205 रुपये 40 पैसे. एवढ्या मोठ्या रकमेशी फ्लोटला रुपयाचा चौसष्टावा भाग, एवढंच बारीक दिसतं. 40 पैसे त्याला सापडत नाहीत. जवळचा सापडतो 40.625 पैसे, आणि छापताना होतात 41. हा तुझा जास्तीचा पैसा. बेरीज जशी फुगते तशी नजर आणखी जाड होते. 1,67,77,216 रुपयांवर पोचल्यावर फ्लोटमध्ये एक रुपया मिळवून बघ: बेरीज जागची हलत नाही. पुन्हा मिळव, पुन्हा तेच. हजार वेळा एकेक रुपया मिळवलास तरी हजार रुपये कुठंच जमा होत नाहीत. मामांचा हंगाम त्या आकड्याच्या बराच पुढं जातो.

'फास्ट-मॅथ'नं बेरीज बदलते, कारण तो पर्याय लावून तू कंपायलरला परवानगी दिलीस: बेरजेचा क्रम हवा तसा फिरव. तो चार-चार, आठ-आठ रकमांच्या वेगळ्या बेरजा एकाच वेळी करतो आणि शेवटी त्या जोडतो. शाळेतल्या गणितात क्रमानं फरक पडत नाही. फ्लोटमध्ये प्रत्येक बेरजेनंतर कापाकापी होते, म्हणून पडतो. एक उदाहरण जवळून बघ. गणितज्ञ विल्यम काहान यांनी 1965 मध्ये एक युक्ती सांगितली. नवी बेरीज केल्यावर नवीतून जुनी वजा करायची, त्यातून मिळवलेली रक्कम वजा करायची. उरेल तेवढं कापाकापीत हरवलं. ते पुढच्या फेरीत परत घालायचं. या युक्तीनं साध्या फ्लोटनंही बेरीज पुष्कळ नेमकी येते. आता तोच प्रोग्राम 'फास्ट-मॅथ' लावून कंपायलरला दे. तो शाळेचं बीजगणित लावतो: (जुनी + रक्कम) − जुनी − रक्कम, म्हणजे शून्य. सगळी दुरुस्ती अनावश्यक ठरवून पुसून टाकतो. प्रोग्राम पळतो, हरवलेले पैसे हरवलेलेच राहतात, आणि कुठं एक इशारासुद्धा येत नाही.

तर कर असं. पायथॉनच ठेव. रकमा पूर्ण पैशांत, वजन किलोत. पायथॉनचा पूर्णांक हवा तेवढा मोठा होतो, वाहून जात नाही. सी लागलंच कुठं, तर 64 बिटांचा पूर्णांक घे. आणि हमाली-तोलाईच्या हिशेबात अर्धा-पाव पैसा उरतो तेव्हा मुनीमकाका काय करतात, कुठल्या टप्प्यावर करतात, ते त्यांना विचारून अगदी तसंच प्रोग्रामात लिही. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक 1982 मध्ये 1,000 वर सुरू झाला. दर वेळी नवा आकडा काढताना तीन दशांश स्थळांपुढचं नुसतं कापून टाकलं जायचं. नोव्हेंबर 1983 पर्यंत निर्देशांक 524.811 वर घसरला. खरा आकडा 1,098.892 होता. दिवसातून हजारो वेळा कापलेल्या कणांनी निम्मा निर्देशांक खाल्ला.

नवा प्रोग्राम पुढचे पंधरा दिवस वहीच्या बरोबरीनं चालव. रोज संध्याकाळी दोन्ही बेरजा पैशाला पैसा जुळल्या, तरच मामांकडे विषय काढ.

प्रश्न : मी जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला गणित शिकवतो. मुलांना कॉम्प्युटरवर 0.1 + 0.2 करून दाखवलं, तर उत्तर आलं 0.30000000000000004. मुलं म्हणाली, गुरुजी, याला बेरीज येत नाही. मला समजावून सांगता आलं नाही.

उत्तर : गुरुजी, मुलांना पावकी-निमकी येते का? येत नसेल तर घरी आजोबांना विचारून यायला सांगा. तिथूनच उत्तर सुरू होतं.

आपले जुने अपूर्णांक अर्ध्याचे अर्धे करत आलेले आहेत: निम्मा, पाव, अर्धपाव. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे 64 पैसे. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या राज्यात हाली रुपया चालायचा, त्याचेही सोळाच आणे. माझे आजोबा अंबाजोगाईच्या मोंढ्यात मुनीम होते. त्यांच्या वह्यांत पाव रुपया म्हणजे चार आणे, आठवा भाग म्हणजे दोन आणे, बिनचूक. पण रुपयाचा दहावा भाग आण्यांत लिहा म्हटलं तर? एक आणा, आणि पैसे दोन पूर्णांक दोन पंचमांश. पैशाचेही अर्धे, त्यांचेही अर्धे करत गेलात तरी तो दहावा भाग कधीच नेमका बसत नाही. 1 एप्रिल 1957 पासून देशात रुपयाचे 100 पैसे झाले, तेव्हा दहावा भाग सोपा झाला.

कॉम्प्युटर अजून आण्यांच्या रीतीनंच मोजतो: अर्धा, पाव, आठवा, सोळावा, तसाच खाली खाली. 0.5 आणि 0.25 त्याला नेमके लिहिता येतात. 0.1 आणि 0.2 लिहिताना तो फार बारीक, पण ठरावीक घरापर्यंतच जातो आणि जवळचा आकडा टिपतो. दोन जवळचे आकडे मिळवले की शेवटच्या घरात तो 4 डोकावतो. बेरीज त्यानं ठरलेल्या नियमानंच केली आहे. हा नियम 1985 मध्ये मानक म्हणून ठरला आणि आज जवळपास सगळी यंत्रं तो पाळतात. म्हणूनच परभणीच्या आणि लातूरच्या कॉम्प्युटरवर तोच 4 त्याच घरात दिसेल. वर्गात 0.5 + 0.25 आणि 0.1 + 0.2 शेजारी शेजारी करून दाखवा. (वरच्या उत्तरातला तो रुपयाचा चौसष्टावा भाग मुलांना जरूर दाखवा. एवढ्या रकमेपाशी फ्लोटला दिसणारा सगळ्यात लहान तुकडा म्हणजे आजोबांच्या वहीतला जुना एक पैसा, तंतोतंत.)

प्रश्न : नांदेडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चार फेऱ्यांचा साधा लूप लिहिला, आय 0 ते 3. प्रत्येक फेरीत आय गुणिले 100 कोटी छापायचे. ओ-झिरो (वेगासाठी काही बदल करू नको) लावून कंपाइल केलं तर चार ओळी येतात, शेवटची उणे. ओ-टू (वेगासाठी बदल कर) लावलं तर लूप थांबतच नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, कंपायलर कधी चुकत नसतो. खरं काय?

उत्तर : या वेळी तरी सर बरोबर आहेत. कंपायलरनं काय विचार केला ते सांगते. आय 3 झाला तर गुणाकार 300 कोटी होतो, तो 32 बिटांच्या पूर्णांकात मावत नाही. सीमध्ये लिहिणाऱ्यानं असं होऊ न देण्याची जबाबदारी घेतलेली असते. म्हणजे आय 3 पर्यंत जातच नसणार. मग 'आय 4 पेक्षा लहान आहे का' हे विचारायचंच कशाला? उत्तर कायम 'हो'. तपासणी काढली, लूप अखंड. प्रत्येक पायरी नियमात बसते. आयचा प्रकार 64 बिटांचा कर, चारच ओळी येतील आणि शेवटची 300 कोटी असेल.

पण 'कधी चुकत नसतो' हे मला मान्य नाही, कारण मी स्वतः तशी चूक केली आहे. पुण्यात एका कंपनीत मी कंपायलरवर काम करत होते. लूपच्या आत एक भागाकार होता, एकूण रक्कम भागिले नोंदींची संख्या. लूप चालू असताना दोन्ही आकडे बदलत नव्हते. दर फेरीला तोच भागाकार कशाला, म्हणून तो लूपच्या आधी एकदाच करायचा, असं मी कंपायलरला शिकवलं. भागाकार यंत्राला महाग पडतो. वेग चांगला वाढला, सगळ्या चाचण्या पास झाल्या. पुढं एका ग्राहकाचा प्रोग्राम महिनाअखेरीला बंद पडला. त्याच्या लूपमध्ये भागाकाराआधी अट होती: नोंदी शून्य नसतील तरच. त्या महिन्यात एका शाखेत नोंद एकही नव्हती. मूळ प्रोग्रामनं तो भागाकार केलाच नसता. मी तो उचलून अटीच्या बाहेर आणला आणि शून्यानं भागलं. प्रोग्रामात चूक शोधत तिथल्या मुलीनं दोन रात्री जागून काढल्या होत्या. चूक तिची नव्हती, माझी होती. तेव्हापासून, भागाकार मुळात नक्की होणारच होता हे सिद्ध झाल्याशिवाय तो जागचा हलवायचा नाही, असं आम्ही केलं.

अशा चुका किती असतात? अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी सीस्मिथ नावाचं साधन केलं. ते सीमधले प्रोग्राम आपणहून रचतं, तोच प्रोग्राम वेगवेगळ्या कंपायलरांना देतं आणि उत्तरं ताडून बघतं. 2011 मध्ये त्यांनी लिहिलं की तीन वर्षांत आधी माहीत नसलेले 325 हून जास्त दोष त्यांनी कंपायलरवाल्यांना कळवले. तपासलेल्या प्रत्येक कंपायलरमध्ये काही ना काही सापडलं. फ्रान्समधल्या झेवियर लरॉय यांच्या कॉम्पसर्ट या कंपायलरमध्येही काही सापडलं, पण ज्या भागांची अचूकता गणितानं सिद्ध केली होती त्यांत चुकीचं उत्तर देणारा दोष मिळाला नाही. मला यातलं सगळ्यात जास्त भावलेलं हेच.

पुढच्या वेळी शंका आली तर आधी जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरचं अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर (नियमांत न ठरलेलं काही घडलं की सांगणारी तपासणी) लावून चालव. तुझा हा लूप ते लगेच ओळीच्या क्रमांकासह पकडतं. ते गप्प राहिलं, तर प्रोग्रामातली एकेक ओळ काढत जा आणि प्रत्येक वेळी चूक अजून दिसते का ते बघ. दोन कंपायलरांवर बघ, ओ-झिरो आणि ओ-टू दोन्हींवर बघ. बारा-पंधरा ओळींवर आला आणि तरी उत्तरं वेगळी येत असली, तर सरांना दाखव आणि मलाही पाठव. कंपायलरची आवृत्ती आणि लावलेले पर्याय सोबत लिही. मग तक्रार कशी लिहायची ते आपण मिळून बघू.